गोळी फुटते, औषध विरघळत नाही

काचेच्या सहा भांड्यांत प्रत्येकी ९०० मिलिलिटर द्रव, तापमान ३७ अंश, मिनिटाला ५० फेरे घेणारी सहा पॅडल आणि प्रत्येक भांड्याच्या तळाशी एक गोळी. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात, मी त्या भांड्यांसमोर पाऊण तास उभी होते. गोळ्या वेदनाशामकाच्या होत्या. सहा मिनिटांत त्या फुटल्या आणि पॅडलच्या बरोबर खाली पांढऱ्या भुकटीचा एकेक लहानसा शंकू तयार झाला. पंधरा मिनिटांनी पाहिले, शंकू तिथेच. तीस मिनिटांनी तिथेच. पाऊण तासात तीन-चतुर्थांश औषध पाण्यात उतरायला हवे होते, निम्मेही उतरले नव्हते.

बाकी सगळ्या परीक्षांत ती बॅच उत्तीर्ण होती. प्रत्येक गोळीत औषध जवळजवळ शंभर टक्के भरत होते. वजन बरोबर, हार्डनेस बरोबर, कडा झडत नव्हत्या. विघटनाची मर्यादा पंधरा मिनिटांची, आमची गोळी तिच्या निम्म्याहून कमी वेळात फुटत होती. उत्पादन विभागाचे साहेब रिपोर्ट हातात घेऊन आले आणि म्हणाले, ‘मॅडम, औषध तर पूर्ण आहे ना आत? मग अडतंय कुठे?’

त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा नीट देता आले नाही. हे पुस्तक म्हणजे ते उत्तर आहे.

अडले कुठे होते ते दोन दिवसांनी सापडले. गोळी दाबण्यापूर्वी मिश्रणात अगदी शेवटी थोडे मॅग्नेशियम स्टिअरेट घालतात. कारखान्यात सगळे त्याला मॅग स्टिअरेट म्हणतात. यंत्राच्या साच्याला गोळी चिकटू नये म्हणून ते लागते, आणि तीन-चार मिनिटेच मिसळायचे असते. त्या रात्री पाळी बदलताना ब्लेंडर फिरता राहिला, जवळजवळ अर्धा तास. मॅग स्टिअरेट मेणचट असते. जास्त वेळ घोळले की त्याचा पातळ थर प्रत्येक कणावर चढत जातो, आणि पाणी त्या कणाला शिवत नाही. गोळीचे कण सुटे झाले होते, पण प्रत्येक कण मेणाचा रेनकोट घालून बसला होता. औषध आत पूर्ण होते, रुग्णाला मिळाले नसते.

गोळी फुटणे आणि औषध विरघळणे या दोन वेगळ्या घटना आहेत. मी हे मुद्दाम सुरुवातीलाच सांगते, कारण फार्मसी शिकलेली माणसेसुद्धा हे विसरतात. गोळी पोटात जाते, पाणी शोषून फुगते, तिचे दाणे होतात, दाण्यांचे बारीक कण होतात. इथपर्यंतचे डोळ्यांना दिसते. त्यानंतर कणाच्या पृष्ठभागावरून एकेक रेणू सुटून पाण्यात जायला हवा, कारण आतड्याचे अस्तर कण घेत नाही, रेणू घेते. लहान आतड्यातून पुढे सरकायला अन्नरसाला साधारण तीन ते चार तास लागतात. त्या अवधीत जे रेणू सुटले नाहीत, ते औषध शरीराच्या दृष्टीने घेतलेच नव्हते असे समजावे. आपल्याकडे औषध ‘लागू पडले’ म्हणतात. लागू पडण्याची पहिली पायरी ही.

मीठ, साखर, पॅरासिटामॉल यांच्या बाबतीत याची काळजी करावी लागत नाही. गेल्या काही दशकांत शोधली गेलेली पुष्कळ औषधे मात्र तशी नाहीत. नेमक्या प्रथिनाला जाऊन बसणारा रेणू शोधताना तो मोठा, चपटा आणि तेलकट स्वभावाचा होत जातो. लक्ष्याला तो घट्ट धरतो आणि पाण्याला दूर ठेवतो. बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलचे उदाहरण घ्या. आतड्यातल्यासारख्या उदासीन पाण्यात ते एका मिलिलिटरला सुमारे एक नॅनोग्रॅम एवढेच विरघळते. कॅप्सूलमध्ये ते १०० मिलिग्रॅम असते. तेवढे औषध नुसत्या पाण्यात विरघळवायचे तर एक लाख लिटर पाणी लागेल. अशा पदार्थाचे औषध करून दाखवणे ही या शास्त्राची करामत आहे, आणि मला ती नवा रेणू शोधण्याइतकीच थोर वाटते.

या शास्त्राचा पाया १८९७ साली घातला गेला. अमेरिकेत बॉस्टनला, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, आर्थर नॉइस आणि विलिस व्हिटनी यांनी बेन्झोइक आम्ल आणि लेड क्लोराइड यांच्या कांड्या पाण्यात फिरवल्या आणि ठरावीक वेळाने किती पदार्थ पाण्यात उतरला ते मोजले. त्यांच्या मनात औषध नव्हते, गोळी नव्हती. त्यांना दिसले ते असे, की विरघळण्याचा वेग हा पाणी अजून किती ‘रिकामे’ आहे यावर ठरतो. संपृक्त होण्याला जितके अंतर जास्त, तितका वेग जास्त. पुढे १९०४ मध्ये जर्मनीत नेर्न्स्ट आणि ब्रुनर यांनी त्यात पृष्ठफळ आणि कणाला चिकटून असलेला पाण्याचा पातळ थर यांची भर घातली. त्या थरातून रेणूला वाट काढत बाहेर पडावे लागते, थर जितका जाड तितका उशीर.

चहात साखर घालणारा प्रत्येक जण हे समीकरण रोज वापरतो. खडीसाखरेऐवजी बारीक साखर घेतो, म्हणजे पृष्ठफळ वाढवतो. चमचा फिरवतो, म्हणजे तो थर पातळ करतो. चहा गरम असतो, म्हणजे विद्राव्यता वाढलेली असते. पोटात मात्र चमचा फिरवता येत नाही आणि तापमान ३७ अंशांवर बांधलेले आहे. म्हणून औषध बनवणाऱ्याच्या हाती मोजकीच साधने उरतात: कण बारीक करणे, पाण्याला कणापर्यंत पोचवणे आणि खुद्द पदार्थाचे रूप बदलून तो अधिक विरघळेल असे पाहणे. या पुस्तकातली अकरा प्रकरणे याच तीन गोष्टींभोवती फिरतात.

बारीक करण्याची युक्ती आपल्या घरांत जुनी आहे. बाळगुटीसाठी हळकुंड, जायफळ, मुरडशेंग सहाणेवर उगाळतात आणि वेढे मोजतात. तुकडा मोडून दुधात टाकत नाहीत. रसशास्त्रात भस्माच्या परीक्षा आहेत त्यांतली एक ‘रेखापूर्ण’: चिमटीत चोळलेले भस्म बोटांच्या रेषांत जाऊन बसले पाहिजे. दुसरी ‘वारितर’: संथ पाण्यावर ते तरंगले पाहिजे. भस्मांच्या गुणांविषयी इथे मी काही दावा करत नाही. कणाचा आकार हा औषधाच्या प्रतीचा भाग आहे, हे त्या वैद्यांनी ओळखले होते, एवढेच मला नोंदवायचे आहे.

हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ सहा चौरस मिलिमीटर. त्याचे दहा मायक्रॉन बाजूचे तुकडे केले तर ते दहा लाख होतील आणि एकूण पृष्ठफळ शंभरपट होईल. गजकर्णावरच्या ग्रिसिओफल्विनमध्ये १९६० च्या दशकात हेच केले गेले. बारीक दळलेल्या ग्रिसिओफल्विनची निम्मी मात्रा जुन्या मात्रेइतकी पुरू लागली. फेनोफायब्रेट या चरबी कमी करणाऱ्या औषधाचा प्रवास तर मी वर्गात फळ्यावर नुसत्या आकड्यांत लिहीत असे: ३००, २००, १६०, १४५. तोच रेणू, तोच परिणाम. कण दळत गेले, शेवटी नॅनोमीटरच्या मापात आले, आणि रोजची मात्रा तीनशे मिलिग्रॅमवरून एकशे पंचेचाळीसवर आली. आपल्याकडच्या दुकानांत यांतली वेगवेगळी मापे आजही शेजारी शेजारी मिळतात, आणि १४५ च्या जागी १६० दिली म्हणजे ‘थोडे जास्त’ दिले असे समजणारे भेटतात. तसे नाही. त्या दोन गोळ्यांतले कण वेगळे आहेत.

पण नुसते बारीक करून भागत नाही, आणि याचे सर्वांत चांगले उदाहरण पिठले आहे. बेसन मैद्याइतके बारीक असते. ते उकळत्या पाण्यात एकदम टाकले की गुठळ्या होतात, गुठळीच्या आत कोरडे पीठ तसेच राहते. पाणी आत शिरलेच नाही. पाण्याला नाके मुरडणाऱ्या औषधांचे असेच होते. कण फार बारीक केले की ते एकमेकांना बिलगतात, हवा धरून ठेवतात आणि पाण्यावर तरंगत राहतात. फिनॅसेटिन या जुन्या वेदनाशामकात हे प्रयोगाने दिसले होते: बारीक भुकटी जाड भुकटीपेक्षा सावकाश विरघळत होती. पाण्यात ओलावा आणणारा पदार्थ थोडासा मिसळला आणि क्रम पुन्हा अपेक्षेप्रमाणे झाला. म्हणून गोळीत सोडियम लॉरिल सल्फेट घालतात, लॅक्टोजसारखे पाणी ओढणारे पूरक द्रव्य निवडतात, आणि क्रॉसकारमेलोज किंवा क्रॉसपोव्हिडोनसारखी फुगणारी द्रव्ये दाण्याच्या आत आणि बाहेर अशी दोन्हीकडे विभागून घालतात. ही विभागणी कशी करायची, यावर चौथे प्रकरण आहे. ते थोडे लांबले आहे. कारखान्यात काम करणाऱ्यांना ते लांबलेले वाटणार नाही.

‘पूरक द्रव्य’ हा शब्द माणसाला बेसावध करतो. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये अपस्माराचे रुग्ण एकामागून एक विषबाधेची लक्षणे घेऊन येऊ लागले: तोल जाणे, डोळे हलणे, गुंगी. ते सगळे फेनिटॉइन घेत होते, आणि तेवढेच घेत होते जेवढे आधी घेत होते. शोध घेतल्यावर कळले की कॅप्सूलमध्ये भर म्हणून घातलेले कॅल्शियम सल्फेट काढून उत्पादकाने लॅक्टोज घातले होते. कॅल्शियम सल्फेटबरोबर फेनिटॉइन अर्धवट शोषले जात होते आणि डॉक्टरांनी मात्रा त्या अर्धवट शोषणावर बेतली होती. लॅक्टोज आले तसे औषध सुटे झाले आणि रक्तातली पातळी विषारी टोकाला गेली. म्हणजे सुधारणासुद्धा न सांगता केली तर घात करते. विरघळणे वाढवणे हा आमच्या कामाचा अर्धा भाग. दर बॅचला ते तितकेच ठेवणे हा दुसरा अर्धा, आणि माझ्या मते तोच अवघड.

डिगॉक्सिनने हीच गोष्ट जगाला पटवून दिली. हृदयरोगावरच्या या औषधाची पाव मिलिग्रॅमची गोळी असते आणि उपकारक मात्रा व घातक मात्रा यांत अंतर फार थोडे. १९७१ मध्ये अमेरिकेत लिंडनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या उत्पादकांच्या गोळ्या निरोगी माणसांना देऊन रक्त तपासले. वेष्टनावर मात्रा एकच, आणि रक्तातल्या पातळीत सातपटीपर्यंत फरक. पुढल्याच वर्षी ब्रिटनमध्ये एका प्रमुख उत्पादकाने प्रक्रिया बदलली तेव्हा त्याच गोळीतून मिळणारे औषध जवळपास दुप्पट झाले आणि डॉक्टरांना सावध करावे लागले. अमेरिकी औषधसंहितेत १९७० साली विद्रावणाची परीक्षा पहिल्यांदा आली, तीही मोजक्या सहा औषधांसाठी आणि फिरत्या जाळीच्या टोपलीने. पॅडल नंतर आले. आज ही परीक्षा इतकी नेहमीची झाली आहे की तिच्यामागे माणसांनी काय सोसले, हे तरुण विश्लेषकांना ठाऊक नसते. ते ठाऊक असावे, म्हणून दुसरे प्रकरण पूर्णपणे या इतिहासाला दिले आहे.

आता स्फटिकांविषयी. ही या विषयातली मला सर्वांत भुरळ घालणारी आणि सर्वांत धास्तावणारी गोष्ट आहे.

एकच रेणू वेगवेगळ्या रचनांत बसून वेगवेगळे स्फटिक घडवू शकतो. विटा त्याच, रचाई वेगळी. जी रचाई भक्कम, तिच्यातून वीट काढणे कठीण, म्हणजेच तो स्फटिक कमी विरघळतो. आणि निसर्गाची ओढ भक्कम रचाईकडे असते. एचआयव्हीवरचे रिटोनाव्हिर १९९६ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. घन रूपात ते नीट शोषले जात नसल्याने कॅप्सूलमध्ये ते विरघळलेल्या रूपात भरलेले होते. दोन वर्षे सर्व सुरळीत चालले. १९९८ च्या मध्यास कॅप्सूल विद्रावणाच्या परीक्षेत नापास होऊ लागल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर आत कोणीही कधी न पाहिलेले स्फटिक. रिटोनाव्हिरचे हे दुसरे रूप पहिल्यापेक्षा कितीतरी कमी विरघळणारे होते. त्याचे बीज एकदा वातावरणात आल्यावर पहिले रूप बनवणेच अवघड झाले. जिथे हे नवे रूप दिसले तिथे वावरलेली माणसे इटलीतल्या कारखान्यात गेली आणि त्यानंतर तिथेही नवे रूप दिसू लागले. कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. एड्सच्या रुग्णांना, ज्यांना एक दिवसही औषध चुकवून चालत नाही, त्यांना वाईट चवीच्या पातळ औषधावर जावे लागले. पुढच्या वर्षी नवी मऊ कॅप्सूल आली, पण तिला फ्रिज लागे. चेंबूरकर आणि सहकाऱ्यांनी २००० साली या प्रकरणावर लिहिलेला शोधनिबंध मी दरवर्षी विद्यार्थ्यांना वाचायला लावला. इतक्या मोठ्या कंपनीतल्या कुशल रसायनशास्त्रज्ञांना एका स्फटिकाने असे हतबल केले, हे वाचून वर्गात शांतता पसरायची.

रूप बदलायला कारखानाच लागतो असे नाही. कार्बामॅझेपिन हे अपस्मारावरचे औषध दमट हवेत पाणी धरते, त्याचे वेगळे स्फटिक होतात, गोळी कडक होते. अमेरिकेत १९९० मध्ये सरकारी यंत्रणेने सूचना काढली होती की ओलाव्यात ठेवलेल्या या गोळ्यांचा एक-तृतीयांशापर्यंत परिणाम जाऊ शकतो. आषाढात कोकणातल्या घरात मीठ पाणी सुटून वाहते, पापड मऊ पडतात. तिथे अपस्माराच्या रुग्णाची गोळी पट्टीतून काढून उघड्या डबीत ठेवलेली मी पाहिली आहे. रुग्णाला पुन्हा झटका आला की दोष औषधाला, वैद्याला किंवा नशिबाला जातो. गोळी तिच्या पट्टीतच राहू द्या, आणि ती पट्टी न्हाणीघरात किंवा ओट्याजवळ ठेवू नका, एवढे सांगणारा दुकानदार त्या रुग्णाचे मोठे भले करतो.

स्फटिकाची भक्कम रचाईच मोडून काढली तर? हा विचार जपानमध्ये सेकिगुची आणि ओबी यांनी १९६१ साली करून पाहिला. सल्फाथायाझोल त्यांनी युरियाबरोबर वितळवून गोठवले. युरिया पाण्यात झटकन विरघळतो आणि औषध अतिसूक्ष्म कणांत सुटे करून जातो. तिथून ‘घन विकीरण’ ही शाखा वाढली. पुढची पायरी स्फटिक पूर्ण नाहीसा करण्याची. जत्रेतले म्हातारीचे केस आठवा. ती साखरच असते, पण वितळवून झटक्यात तंतू काढलेली, त्यामुळे रेणूंना रांगेत बसायला वेळच मिळालेला नसतो. म्हणून ती जिभेवर ठेवताच नाहीशी होते. आणि म्हणूनच दमट संध्याकाळी तासाभरात ती चिकट होऊन खाली बसते, पुन्हा दाणे धरते. अस्फटिक औषधाचे वरदान आणि शाप दोन्ही त्या गुलाबी गोळ्यात आहेत. यावर उपाय म्हणजे औषधाचे रेणू एखाद्या बहुवारिकाच्या लांब साखळ्यांत अडकवून ठेवायचे, म्हणजे ते एकमेकांना शोधून रांग लावू शकत नाहीत. पोटात गेल्यावर हीच साखळी औषध एकदम बाहेर पडले तरी त्याला काही काळ पाण्यात धरून ठेवते. तेवढ्यात आतडे आपला वाटा उचलते.

इट्राकोनॅझोलचे एक लाख लिटर असेच वाचले. औषध आणि हायप्रोमेलोज एका द्रावकात विरघळवून साखरेच्या बारीक मण्यांवर फवारतात, द्रावक उडून जाते, मण्यावर अस्फटिक थर राहतो. ते मणी कॅप्सूलमध्ये भरतात. रिटोनाव्हिरची सोडवणूकही याच वाटेने झाली. लोपिनाव्हिर आणि रिटोनाव्हिर यांची जोडगोळी २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. औषध आणि बहुवारिक एकत्र तापवून, दोन फिरत्या स्क्रूंमधून मळून, सोऱ्यातून शेव काढावी तशी कांडी बाहेर काढायची, ती गार करून दळायची आणि गोळी दाबायची. रोजच्या सहा मऊ कॅप्सूलच्या जागी चार गोळ्या आल्या आणि फ्रिजची गरज संपली. ज्या गावात वीज दिवसाचे काही तासच असते तिथल्या रुग्णासाठी या वाक्याचा अर्थ काय होतो, ते मी वेगळे सांगायला नको.

त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगावरचे व्हेम्युराफेनिब मला याहूनही बोलके वाटते. माणसांवरच्या पहिल्या चाचणीत ते स्फटिक रूपात दिले गेले. मात्रा वाढवत नेली तरी गाठी आक्रसल्या नाहीत, कारण रक्तात औषध पुरेसे पोचतच नव्हते. तिथे थांबून ‘रेणू निकामी’ असा शेरा मारला असता तर ते औषध फाईलमध्येच संपले असते. शास्त्रज्ञांनी ते बहुवारिकात अस्फटिक करून पुन्हा दिले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात, ठरलेली मात्रा घेतलेल्या आणि ठरावीक जनुकीय बदल असलेल्या ३२ रुग्णांपैकी २६ जणांच्या गाठी आक्रसल्या, त्यांतल्या दोघांच्या पूर्ण नाहीशा झाल्या. २०११ मध्ये औषध मंजूर झाले. रेणूत एका अणूचाही फरक केलेला नव्हता.

क्षार बनवणे, सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळीत रेणू बसवणे, तेलात विरघळवून मऊ कॅप्सूल भरणे, सहस्फटिक यांचीही प्रकरणे पुस्तकात आहेत. त्यांची कहाणी तिथेच वाचावी. एका कामाचा उल्लेख मात्र इथे करते. पुण्याच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीत अनंत पराडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हळदीतल्या कर्क्युमिनचे पीव्हीपी या बहुवारिकाबरोबर फवारणीने वाळवलेले घन विकीरण तयार करून २००४ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हळद पाण्यात विरघळत नाही, फोडणीत घातली की तेलाला रंग चढतो, हे ज्या घरांत रोज दिसते तिथली मुले या शास्त्रात मागे राहण्याचे कारण नाही. पराडकर पुढे इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड विद्यापीठात गेले आणि स्फटिकांवरचे काम त्यांनी तिथेही चालू ठेवले.

आपल्या देशाविषयी थोडे स्पष्ट लिहायला हवे. १९९५ मध्ये गॉर्डन अमिडॉन आणि सहकाऱ्यांनी औषधांचे चार वर्ग मांडले. पाण्यात विरघळते का आणि आतड्याच्या अस्तरातून पार होते का, या दोन प्रश्नांवर ती मांडणी उभी आहे. मोजमाप साधे: सर्वांत मोठी मात्रा एका पेलाभर, म्हणजे २५० मिलिलिटर पाण्यात विरघळली पाहिजे, आणि तीही पोटापासून आतड्यापर्यंतच्या सर्व आम्लतांना. न विरघळणारी औषधे दुसऱ्या आणि चौथ्या वर्गात पडतात. ३ एप्रिल २०१७ रोजी भारत सरकारने नियम बदलून या दोन वर्गांतल्या तोंडावाटे घ्यायच्या औषधांना, परवाना देण्यापूर्वी, मूळ औषधाशी जैवसमतुल्यता सिद्ध करणे सक्तीचे केले. हा निर्णय योग्य होता आणि फार उशिरा झाला. त्याआधीच्या परवान्यांवर बनलेल्या गोळ्यांना आधार होता तो मुख्यतः विद्रावणाच्या परीक्षेचाच, आणि दर महिन्याला केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणा अप्रमाणित औषधांची जी यादी जाहीर करते तिच्यात ‘विद्रावण’ हे कारण पुन्हा पुन्हा दिसते.

गेल्या दशकात देशभर चिवट गजकर्णाची साथ पसरली तेव्हा इट्राकोनॅझोलचा खप वाढला आणि वेगवेगळ्या दरांच्या कितीतरी कॅप्सूल आल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी त्या उघडून मण्यांची संख्या आणि आकार तपासला. मणी सारखे नव्हते. कारण मण्यावरचा थर हीच या औषधाची खरी कारागिरी आहे आणि ती वेष्टनावर छापता येत नाही. मी जेनेरिक औषधांच्या विरोधात नाही. उलट, आपल्या गरीब रुग्णाचा आधार तीच आहेत आणि चांगले जेनेरिक मूळ औषधाइतकेच काम करते, म्हणूनच ते विरघळते की नाही हे विचारण्याचा हक्क मी सोडत नाही.

हे पुस्तक मराठीत का, असे मला पुष्कळांनी विचारले. इंग्रजीत चांगली पुस्तके आहेत. ब्राह्मणकर आणि जयस्वाल यांच्या बायोफार्मास्युटिक्सवरच्या ग्रंथावर आमच्याकडच्या कित्येक तुकड्या वाढल्या, मीही शिकवताना तोच हाताशी ठेवला. पण ब्लेंडरजवळ रात्रपाळीला उभा असलेला माणूस तो ग्रंथ वाचत नाही. तीन मिनिटांच्या जागी तीस मिनिटे झाली तर काय होते, हे त्याला कोणी त्याच्या भाषेत सांगितलेले नसते. त्याला नुसते ‘तीन मिनिटे’ एवढेच सांगितलेले असते. माझ्या त्या बॅचच्या रात्री जो ऑपरेटर होता, त्याला मी नंतर भांड्यातला तो पांढरा शंकू दाखवला आणि मॅग स्टिअरेटची चिमूट पाण्यावर टाकून दाखवली. भुकटी पाण्यावर कोरडी तरंगत राहिली. तो बराच वेळ पाहत होता. त्यानंतर त्याच्या पाळीत पुन्हा तशी चूक झाली नाही. मी लिहायला बसले तेव्हा तो समोर होता.

म्हणून शब्दांच्या बाबतीत मी सोवळे पाळलेले नाही. विद्राव्यता, संपृक्त, पृष्ठफळ हे शब्द शाळेपासून ओळखीचे आहेत, ते ठेवले. हार्डनेस, ग्रॅन्युलेशन, बॅच हे कारखान्यात जसे बोलतात तसे ठेवले. समीकरणे मोजकी आहेत आणि प्रत्येकाशेजारी आकडे घालून सोडवलेले एक उदाहरण आहे. पदविकेच्या विद्यार्थ्याने पहिली पाच प्रकरणे वाचली तरी पुरे. संशोधनाकडे वळू पाहणाऱ्याने सातव्यापासून पुढे सावकाश जावे.

एक विनंती पुस्तकाबाहेरच्या वाचकाला, म्हणजे जिल्हा रुग्णालये, महापालिका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी औषध खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांना. निविदेत तुम्ही दर मागता आणि औषध किती टक्के भरते याचा दाखला मागता. त्याच्या जोडीला त्या बॅचचा विद्रावणाचा आलेख मागा: दहा, वीस, तीस आणि पंचेचाळीस मिनिटांचा, सहाही गोळ्यांचा. प्रत्येक परवानाधारक कारखान्यात तो काढण्याचे यंत्र आहे आणि त्याला एका सकाळपेक्षा जास्त वेळ लागत नाही.